यंत्राला गाठ कशी कळते?

प्रिय आई,

वर्षभर तुझ्या फोटोशी बोलतेच आहे, पण कागद आज पहिल्यांदा घेतला. तू विचारून ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय! मिळालं ते मात्र वाईट निमित्ताने. तुझ्या भावाच्या, गणूमामाच्याही डोक्यात गाठ निघाली गं.

२०१६ साली तुझी निघाली तेव्हा सुरतेचे डॉक्टर मला इंग्रजीत समजावत होते. आधी कवटी उघडायची, मग ध्वनिलहरींच्या यंत्राने गाठ काढायची. बाहेर बाकावर तू विचारलंस, "काय म्हणतो गो डॉक्टर?" मी म्हटलं, आवाजाच्या लहरींनी गाठ काढणार. तुझा चेहरा एकदम खुलला. "म्हंजे सोनोग्राफीवाणी? ती गार जेली डोक्याला चोपडतील न् झालं?"

मी म्हणाले, "हो, तसंच." कवटीचं गिळून टाकलं. खरं कळलं तर तू नाही म्हणशील, याची मला धास्ती होती. तू लगेच सही केलीस.

दुसऱ्या दिवशी केस काढताना तू माझ्याकडे पाहिलंस, ते अजून सोसत नाही. "जेलीला केस कशाला काढायचे गो?" मी स्वच्छतेची थाप मारली. आणि तलासरीच्या शाळेत पोरांना खरं बोला म्हणून मीच सांगते!

गाठ निघाली. पण टाके हाताला लागले आणि तुझा अबोला सुरू झाला. आठ दिवस! नर्सशी गुजरातीत गप्पा, माझ्याशी शब्द नाही. इतकं का ताणायचं, आई? नवव्या दिवशी बोललीस तेही भलतंच. "त्या यंत्राला कसा कळला, गाठ कुठली न् मी कुठली?" विचारू डॉक्टरांना, म्हटलं. विचारलं का? नाही. तू पुन्हा मसोलीच्या वाडीत चिकू निवडायला जाऊ लागलीस, आणि गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन गेलीससुद्धा.

तर ऐक, या वेळी मामाच्या डॉक्टरांना विचारलं. यंत्राला काहीच कळत नाही!

पेनासारखी नळी असते. तिचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, डोळ्यांना दिसतही नाही. मऊ, पाण्याचा अंश जास्त असलेली गाठ त्या थरथरीने फुटते. तीच नळी पाणी सोडते आणि फुटलेलं ओढून घेते. रक्तवाहिनीची भिंत मात्र चिवट तंतूंची, ती ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. पिकलेला चिकू चमच्याने कोरला की गर निघतो, साल राहते, तसं काहीसं. पण चमचा जोरात रेटला तर सालही फाटते ना? म्हणून जोर किती ठेवायचा ते डॉक्टरांच्या हातात. गाठच चिवट निघाली तर यंत्र अडून बसतं. आणि गंमत म्हणजे हाडासाठी याच्या उलट वागणारं यंत्र असतं! ते कडक हाड कापतं आणि खालचा मऊ पडदा सहसा नुसता थरथरीबरोबर हलतो. हे ऐकून तू डॉक्टरांना जेवायलाही सोडलं नसतंस.

काल मामाला सगळं सांगितलं. कवटी, टाके, धोका, काही लपवलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताईला हे ठाऊक होतं ना?"

"नाही मामा. मी तिला फसवलं."

तो उठून ओट्यावर जाऊन बसला. मामी माझ्यावर चिडली, "एवढं सांगायची काय गरज होती? आता हा कुठला तयार होतोय!" मामा विचार करून सांगतो म्हणालाय.

तो नाही म्हणेल, अशी भीती मला तेव्हाइतकीच वाटतेय. गाठ थांबणार नाही, हेही कळतंय. पण आई, शब्द देते तुला. मी त्याला समजावेन, हाता-पाया पडेन, रडेनसुद्धा, पण त्याचा होकार मिळवायला खोटं बोलणार नाही. तो नाही म्हणाला, तरी नाही.

तुझी थापाडी लेक,
सुमन