अ‍ॅल्डनच्या सफरचंदाचं गोत्र

टिंकर्स नोल, मेन
ऑक्टोबर, गारठा पडलेला

प्रिय एल्वुड भावोजी यांस,

लव्हिनियाचा नमस्कार. तुमची पाठ आणि हेस्टरचा खोकला कसा आहे? मी बरी आहे. अ‍ॅल्डन गेल्यापासूनचा हा दुसरा हिवाळा. लाकडं फोडायला आता हात बसलाय.

लिहायचं कारण त्याचं सफरचंद. रस्ता रुंद होतोय, वसंतात झाड जाणार. जुने वाण राखणारी एक संस्था कलमासाठी त्याच्या काड्या न्यायला तयार आहे, पण वाण खरोखर वेगळा असेल तरच. म्हणून मी विद्यापीठाला पान पाठवलं. तिथे पानातला जनुकांचा मजकूर काढतात (अक्षरं चारच, पण पोथी लांबलचक), त्याचे बारके तुकडे करतात, कुठला तुकडा किती वेळा आला ते मोजतात आणि दुसऱ्या झाडाच्या मोजणीशी ताडून पाहतात. फरक जितका कमी, तितकं नातं जवळचं. म्हणजे दोन पत्रं न वाचता, नुसते शब्द मोजून, ती एकाच माणसाची आहेत का ते ठरवायचं! मी ग्रंथालयातून यावरचं पुस्तक आणलं. पहिलं प्रकरण समजलं असं वाटलं. दुसऱ्यात कळलं, की पहिलंही समजलं नव्हतं.

मग विद्यापीठातल्या मेरिबेल नावाच्या मुलीचा फोन. “आजी, तुमचं झाड अर्ध्या राज्यातल्या बागांशी तंतोतंत जुळतंय!”

मी म्हटलं, “अगं, माझ्या नवऱ्याने ते कुंपणाशी रानटी उगवलेलं हेरलं, स्वतः कलम केलं. असं दुसरं झाड नाही. तुमचं गणित चुकलं असेल.”

“गणित शक्यता सांगतं, आजी.” (शक्यता चुकते का, हे विचारायचं राहिलं.) “पान कुठलं तोडलंत?”

“बुंध्याजवळचं. गुडघा शिडी चढू देत नाही.”

“अहो, तो कलमाखालचा फुटवा! तुम्ही खुंटाचं, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचं पान पाठवलंत. तो खुंट सगळेच वापरतात.”

जन्मभर कलमं बांधणाऱ्याची बायको मी! शेजारचा ऑरिन दुकानात सांगत सुटलाय, “लव्हिनियाबाईंनी चौकशी नवऱ्याची केली अन् पत्ता दिला घरमालकाचा.” त्यानेच मग शेंड्याचं पान काढून दिलं.

हेस्टरला सांभाळा.

तुमची,
लव्हिनिया

ता. क. ते पान पाकिटात घालून टेबलावर ठेवलंय. पाठवणार नाही. हा बाजारातलाच वाण आहे असं विद्यापीठवाले म्हणाले, तर अ‍ॅल्डन भांडायला येणार नाही आणि त्याच्या वतीने भांडण्याइतकं मला कळत नाही. संस्था राहू दे. मार्चमध्ये, फांद्यांवरचे डोळे फुगायच्या आत या, काड्या कापा आणि तुमच्या परसातल्या झाडावर बांधा. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी एक. ते फळ मला कधीच आवडलं नाही. आंबट ढाण! त्याला हे कधी कळू दिलं नाही. आता कळायलाही कुणी नाही, तरी रोज एक खाते, देठापर्यंत.