पप्पांनी ऐकलेला खर्ज

सिक्स्टन,

आधी बूट चढव, मग वाच. पप्पा आठ वाजता आत्यासाठी केशराचे बनपाव घेऊन निघाले, गोठलेल्या तळ्यावरून चालत, थेट तिच्या बेटाकडे. धक्क्यावरच्या माईकने काल टिपलेला बर्फाचा आवाज त्यांनी नेहमीसारखा ऐकला आणि म्हणाले, "खर्ज लागलाय. जाड झालाय बर्फ." पातळ बर्फ वरच्या पट्टीत वाजतो, हे तुला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

तुझा उद्योग मला आत्ता लॅपटॉपवर दिसला. जागा पुरेना म्हणून तू कालच्या आवाजाची ती मोठी वेव्ह फाइल दाबून एमपीथ्री केलीस, मूळ पुसून टाकलीस, आणि पप्पा बोलतील म्हणून एमपीथ्रीची पुन्हा वेव्ह केलीस. अरे, फाइल फुगून होती तेवढी झाली, पण दाबताना वरचे बारीक सूर छाटले गेले ते कुठून परत येणार? उरली ती नुसती वाऱ्याची घरघर. पप्पांनी फाइलचा आकार बघितला आणि विश्वास ठेवला.

बुडालं तर बर्फात रोवून वर यायचे त्यांचे खिळे खुंटीवरच आहेत. ते आणि लांब दोर घेऊन मी जातेय. तू शेजारच्या गुनिलाकाकूंना उठव आणि त्यांची शिडी घेऊन धक्क्यावर ये. बर्फावर पाय ठेवू नकोस. तुझ्यावर चिडायला आत्ता वेळ नाही.

खिडकी उघडी आहे. तळं इथवर ऐकू येतंय, आणि सूर फार वरचा आहे.

तीरा