माझ्या यादीत हे गाईड नाही

९ जानेवारी २०१३
यादी लावली एकदाची! बी.सी.एस.च्या पहिल्या वर्षासाठी — चार पुस्तकं, दोन वेबसाइट, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका. सगळ्यात वर ‘सी’ भाषेचं ग्रंथालयातलं जाडं पुस्तक. खाली ठळक लिहिलं — तिथंच बसून वाचा, विकत काही घेऊ नका. असल्या दुष्काळात पोरांनी घरी पुस्तकाला पैसे मागायचे तरी कोणत्या तोंडानं?
माझ्या वर्गातली उमापूरची केशर यादी उतरवून घेत होती. “एवढं वाचलं की जमंल ना, मॅडम?” जमेल म्हटलं.

११ जानेवारी
प्राचार्य सुंदरराव सरांनी बोलावलं. टेबलावर सुग्रीवनं लिहून छापलेलं ‘सी’चं गाईड. सुग्रीव म्हणजे अर्जुनरावांचा पुतण्या. अर्जुनराव आमच्या संस्थेचे अध्यक्ष, सहकारी कारखान्याचे चेअरमनही तेच. सर माझ्याकडं न बघताच बोलले — “हे यादीत पहिलं टाका. साहेबांचा निरोप आहे.”
वाचून सांगते म्हटलं.

१२ जानेवारी
लॅबमध्ये गाईडमधले प्रोग्रॅम चालवून बघितले. पहिला चालतच नाही. दुसरा चालतो, पण थांबत नाही! हे पाठ केलं तर पोरं प्रॅक्टिकलला आपटणार.
नाही टाकणार.

१५ जानेवारी
ह्यांना सांगितलं. दुकानाचं शटर ओढता ओढता म्हणाले, “शिवगंगा, पाटोद्याचा बाजार बसलाय. दिसभर गिऱ्हाईक न्हाई. तुझी नोकरी टेंपरवारी, जूनला ऑर्डर साहेबच देणार. कावून आडवी जातीस?”
तेवढ्यात टँकर आला. मी घागरी घेऊन पळाले.

१९ जानेवारी
अर्जुनराव स्वतः लॅबमध्ये आले! जनावरांच्या छावणीवरून थेट — बुटांवर शेण, धूळ. बसले नाहीत.
“आमी हितं जनावरं जगवाय लागलोय. ऊस न्हाई म्हणून कारखाना बंद पडाय आलाय. अन् तुमी आमच्या पोराच्या पुस्तकात चुका काढताय?”
आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.
“चुका हायेत, साहेब. दाखवू?” म्हटलं कसं, माझं मलाच कळेना. प्रोग्रॅम चालू केला. स्क्रीनवर आकडे धावत सुटले — खाली, खाली, खाली.
“थांबत कावून न्हाई हे?”
“कुठं थांबायचं ते पुस्तकात लिहिलंच नाही.”
मग म्हणाले, “तुमीच दुरुस्त करून द्या की. नवीन छापू.”
ते गेले आणि मी गाईड पिशवीत टाकलं, सोबत लाल पेन.

२ फेब्रुवारी
दुरुस्ती संपली. एक पान लाल शाईवाचून सुटलं नाही. सुग्रीव स्वतः न्यायला आला. “लई उपकार झाले, मॅडम.” इतका नम्र! बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? नीट छापलं तर यादीत घालीन — आपण होऊन.
ह्यांना सांगितलं तर जेवताना हसले. कित्येक दिवसांनी!

१० फेब्रुवारी
होस्टेलला पाणीच नाही. मुलींना गावी पाठवलं. केशर जाडं पुस्तक मागत होती. ग्रंथालयात एकच प्रत — बाहेर न्यायची परवानगी नाही. सरांना विचारलं. नाहीच म्हणाले. पोर तशीच गेली. मला रागानं जेवण गेलं नाही.

१ मार्च
प्रॅक्टिकलच्या तारखा लागल्या. सुग्रीवला फोन केला, छापून झालं का म्हणून. “झालं की, मॅडम! गावोगाव पोचलं पण.” मला एक प्रत पाठव म्हटलं. हो हो म्हणाला.

४ मार्च
केशर आली. हातात नवीन गाईड.
“ह्याच्यातले सगळे प्रोग्रॅम पाठ केले, मॅडम. घेणार न्हवते. पण वर तुमचं नाव बघितलं.”
कव्हरवर लेखिका म्हणून मी. आत माझी एकही दुरुस्ती नाही.
परवा प्रॅक्टिकल. तिला लॅबमध्ये बसवलंय. कसं सांगू?