रजेवर असलेली माणसं

२ मे १९९४, सोमवार
नोकरी लागली, आणि तीही टाइम ऑफिसात. तुर्भ्याचा रंगांचा कारखाना. दोनशे बारा माणसांची हजेरी आणि रजा आता माझ्याकडे. सानपाड्याला वैशालीच्या खोलीत अर्धी जागा मिळाली आहे. मॅनेजर पाटणकर साहेबांनी चहा मागवला, म्हणाले, गीतांजली, अक्षर छान आहे तुझं. रोह्याला आईला फोन केला. माझ्या टेबलावर पंखा थेट येतो हेसुद्धा सांगून टाकलं.

९ मे
आज शटडाऊनची नोटीस टाइप केली. १६ ते २७ कारखाना बंद, टाक्यांची साफसफाई. सगळ्यांना सक्तीची रजा. ज्याची शिल्लक नसेल त्याची बिनपगारी. मला लागून आठवडा झालाय, शिल्लक कुठून असणार? माझा चेहरा पाहून साहेब म्हणाले, तू ये, जुनी रजिस्टरं उतरवून काढ. फक्त कागदावर तुलाही रजेवर दाखव, पैसे मी वेगळे देतो, आणि बाहेर बोलू नको. मला बरंच वाटलं. दोनशे तेरावं नाव माझं. मीच लिहिलं.

१६ मे
वैशाली सुट्टीला चिपळूणला गेली. मीही तिच्याबरोबर जातेय असं आईला सांगितलंय, आणि तिला सांगितलंय की मी रोह्याला जातेय. गेटवर वॉचमन अय्युबचाचा, बाकी कोणी नाही, टाक्या साफ करणारेही नाहीत. यंत्रं बंद झाल्यावर शेडमध्ये चिमण्या आल्यात. डबा खाताना माझ्याच चावण्याचा आवाज मला येत होता.

१७ मे
गेटबाहेर शेवंताबाई नावाची बाई बसते, जवळच्याच गावातली. चाचा म्हणाला, बोलू नका तिच्याशी. मी बोलले. तिचा नवरा भगवान इथे फिटर होता. गेल्या वर्षीच्या शटडाऊनला साहेबांनी त्याला कामावर बोलावलं, सकाळी आत गेला तो परत आलाच नाही. पोलिसांनी रजिस्टर पाहिलं: रजेवर.
"माजा मानूस रजंवर नव्हता गेला, ताई. त्यो आतमंदीच हाय."
नंतर मी ते रजिस्टर काढलं. भगवान, बारा दिवस रजा. पुढच्या पानावर 'रजेनंतर गैरहजर'. मग नाव खोडलेलं.

१८ मे
दुपारी एकच्या सुमारास ठोके ऐकू आले, चार नंबरच्या टाकीतून. पाना आपटावा तसे, तीन. चाचा म्हणाला, उन्हाने लोखंड वाजतं. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

१९ मे
मी टाकीवर दोनदा ठोकलं. आतून दोन. पाचदा ठोकलं. पाच. पळत ऑफिसात येऊन साहेबांना घरी फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, आत कोणी नाही, सगळे रजेवर आहेत, तूच लिहिलंस ना? मग विचारलं, तू तिथे आहेस हे घरी किंवा खोलीवर कोणाला माहीत आहे? मी खरं ते सांगितलं. कोणालाच नाही.

२० मे
नोकरी नवी, म्हणून आज आलेच. जेवून उठले तर गेटला बाहेरून कुलूप. चाचा नाही, त्याची खुर्चीही नाही. फोन बंद. नळ कोरडा. पत्र्याचं उंच गेट, भिंतीवर काटेरी तारा. खूप ओरडले. रस्त्यावरून ट्रक जात राहिले.

२१ मे
शेवंताबाई आली. गेटच्या फटीतून तिची बोटं धरली. ती पोलीस चौकीत जाऊन परत आली. ते म्हणाले, नोटीस आहे, आत कोणी नाही. गेल्या वर्षीही तू हेच सांगत होतीस. गावातून माणसं आणते म्हणाली. बाटली फटीतून येईना. तिने पदर भिजवून आत सरकवला. मी चोखला.

२२ मे
ती आली नाही. ठोके थांबत नाहीत.

२३ मे
तहान. आज ठोके नाहीत, आवाज आहे. पुरुषाचा, दमलेला.
"ताई, रजा संपली का?"
नाही म्हणाले. सत्तावीसपर्यंत आहे. तो रडला. मग मीही—

२४ मे
कोणी आलं नाही. घसा गेला. वर्षभर बंद टाकीत कोणी जगत नाही, कळतं मला. पण तो हाक मारतोय, आणि मला बाहेरून कोणीच— पाना सापडला. टाकीच्या झाकणाला आठ नट.

चार निघाले. हात सोलले. तो म्हणतोय, दमू नको ताई—

सहा.

पाना खाली ठेवलाय. सातव्याला मी हात लावलेला नाही. तो आपोआप फिर—