आवाज गेला ती सकाळ

आई,

तू गेल्यापासून मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा फारसं बोलले नाही. आज लिहायला बसलेय ती आठवण आली म्हणून नव्हे. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि ह्या वेळी तू मध्येच "गप रव" म्हणून मला बसवू शकत नाहीस.

काल सकाळी माझ्या कॉम्प्युटरचा आवाज गेला. तुझ्या वेळी आपल्या घरात ही वस्तू नव्हती, म्हणून सांगते. डोळस माणसं कॉम्प्युटरचा पडदा बघून काम करतात, माझा कॉम्प्युटर मला बोलून दाखवतो. मी दाबलेलं अक्षर बोलतो, आलेली पत्रं वाचतो. एका वकिलाने बोलून ठेवलेले मसुदे तो मला ऐकवतो आणि मी ते टाइप करून देते. ह्याच कामावर माझं घर चालतं. टेबलावर दोन लहान स्पीकर आहेत आणि खाली पायाशी घुमणाऱ्या आवाजाचा एक मोठा डबा. ते तिन्ही गप्प झाले की माझ्यापुरता कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्र्याचा खोका.

शुक्रवारी संध्याकाळी तुझा लेक आला होता. आता त्याचे केस पिकलेत, असं त्याची बायको सांगते. ऑफिसात कुणालातरी नको असलेला एक पडदा घेऊन आला आणि माझ्या कॉम्प्युटरला जोडून बसला. माझ्याकडे पडदा असून काय उपयोग, असं मी विचारलं, तर म्हणाला, आमच्यासारखं कुणी आलं तर बरं पडतं. त्या पडद्यावर त्याने त्याच्या डोंबिवलीच्या घरातल्या एका खोलीचे फोटो लावले आणि मला वर्णन करून सांगितले. पलंग कुठे आहे, खिडकी कुठे, बाथरूम किती जवळ. खोली माझ्यासाठी होती. ही लालबागची खोली बंद करून मी तिकडे जायचं. वर्षभर हा विषय चालू आहे, आणि शुक्रवारी मी इतकी कंटाळले होते की म्हटलं, रविवारी सांगते. खरं म्हणजे हो म्हणायची माझी तयारी होत आली होती.

आणि शनिवारी सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. दोनदा बंद करून चालू केला, तरी मुका. समोरच्या दारातल्या वहिनी दुधाची पिशवी द्यायला आल्या होत्या, त्यांनी लगेच विचारलं, भावाला फोन लावून देऊ का? मी म्हटलं, राहू दे. माझा फोनही बोलतो, त्याला विचारता आलं असतं. पण फोन हातात घेतला की त्यात सगळ्यात वर भावाचाच नंबर लागतो. मी तो दूर कपाटावर ठेवून दिला आणि मनाशी ठरवलं, हे मला जमलं नाही तर मी डोंबिवलीला जाईन. जमलं तर नाही.

तेव्हा तू आठवलीस. मी अकरा-बारा वर्षांची असेन. तू रेशनच्या रांगेत गेली आहेस आणि मी चहा करतेय. भांडं, पाणी, साखर, सगळं हाताला सापडलंय. स्टोव्ह पेटलाय, पाणी उकळायला लागल्याचा आवाज येतोय आणि मला वाटतंय की तू आल्यावर तुला कप द्यावा. तू येतेस, दारातच पिशवी टाकतेस आणि माझ्या पाठीत रट्टा घालतेस. "हात नको लावू, भाजशीत! माझ्या मागे तुका कोण बघतलो?" मग मला जवळ घेऊन रडतेस. चहा ओतून देतेस मोरीत. त्या दिवसापासून काडेपेटी वरच्या फळीवर गेली. तू स्टुलावर चढल्याचा आवाज मी ऐकला होता, पण मी काढणार नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं, कारण तुझं रडणं मला सोसत नसे. आई, तुझ्या मारापेक्षा तुझं रडणं जास्त लागायचं. मी वीस वर्षांची होईपर्यंत माझी वेणी तू घातलीस. माशातले काटे तू काढलेस. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काय माया आहे. मायाच होती. पण तिच्यात मला हातपाय हलवायला जागा नव्हती.

रेडिओ तूच घेऊन दिलास. मी एका जागी बसावं म्हणून घेतलास, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तुला माहीत नाही ते हे, की दुपारी तुझा डोळा लागला की मी तो मागून उघडायची. आतल्या एका वायरला बोट लावलं की तो गुरगुरायचा. मला गंमत वाटायची, माझ्या नुसत्या बोटाने बोलतो.

काल मी जमिनीवर बसून तेच केलं. आधी कॉम्प्युटरच्या मागे हात धरला, गरम वारा लागला. म्हणजे तो जिवंत आहे. स्पीकरचं बटण फिरवून कान लावला, बारीक घरघर होती. म्हणजे वीज पोचतेय. मग स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून उपटली आणि तिच्या टोकाला बोट लावलं. तिन्ही डबे एकदम घुरघुरले. मोठ्याने हसले मी. स्पीकर धडधाकट, वायर धडधाकट, दोष पलीकडे. कानाला लावायचा हेडफोन पुढच्या भोकात घालून पाहिला, त्यातही शांतता. कॉम्प्युटर आवाज काढतच नसेल, किंवा काढून भलतीकडे पाठवत असेल.

भलतीकडे म्हणजे कुठे? मी तशीच बसून राहिले. गुरुवारी आवाज होता. शुक्रवारी तुझा लेक येईपर्यंत होता. नंतर काय बदललं? हात मागे घालून एकेक वायर चाचपली. माझ्या सगळ्या वायरी मला बोटांनी ओळखू येतात. त्यांत एक जाड, नवी, अनोळखी वायर लागली. पडद्याची. असल्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. त्या पडद्याला स्पीकरच नाही, आणि माझा कॉम्प्युटर शुक्रवारपासून आपलं सगळं बोलणं त्याच्याकडे पाठवत होता. मी ती वायर ओढून काढली. दोन बोटांनी कळा दाबल्या. "डेस्कटॉप," तो म्हणाला, त्याच्या त्या कोरड्या आवाजात.

मग मी कपाटावरून फोन काढला आणि रविवारची वाट न बघता भावाला लावला. पडदा घेऊन जा म्हटलं, आणि मी येत नाही. तो आधी पडद्याबद्दलच विचारत राहिला, दुसरं त्याला ऐकायचं नसावं. शेवटी म्हणाला, "ताई, मी आईला शब्द दिलाय. शेवटच्या दिवशी तिने माझा हात धरून मागितला होता."

"शब्द तू दिलास," मी म्हटलं. "मला कुणी विचारलं होतं?"

तो मग म्हणाला, "तुला काही झालं तर लोक मला विचारतील."

"विचारू देत. सांग, ती ऐकत नाही."

संध्याकाळी आला तो. रागावलेलाच होता, चपला जोरात काढल्या त्यावरून कळलं. मी चहा केला, त्याने घेतला. कसं शोधलंस, असं विचारलं तेव्हा मी पिन त्याच्या हातात दिली आणि टोकाला बोट लावायला सांगितलं. करंट लागेल का म्हणाला. म्हटलं, नाही लागत, लाव. डबे घुरघुरले तसा तो दचकला आणि मग हसला. लहानपणी हसायचा तसा, नाकातून. जाताना पडदा काखेत मारून म्हणाला, ती खोली मी तशीच ठेवतो. ठेव, म्हटलं, पाहुणी म्हणून येईन, दोन दिवस राहीन आणि मासे आणले तर काटे माझे मी काढीन. जिना उतरताना तो पुन्हा हसल्याचं ऐकू आलं.

तर आई, मी इथेच आहे. तुला दिलेल्या शब्दातून त्याला मी सोडवलंय, तुला न विचारता. तू मला विचारलं नव्हतंस, तेव्हा फिटंफाट. माझ्या मागे माझं कोण बघेल ते मला माहीत नाही, आणि तुझ्या मागे इतकी वर्षं बघणारी मीच होते.

मी लिहितेय ते एकेक ओळ कॉम्प्युटर मला वाचून दाखवतोय. तुझं मालवणी त्याला मुळीच जमत नाही. पत्र पूर्ण झालं की ते मी पुसणार आहे. तुझा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. कारण काल सकाळी, दुसऱ्यांदा बटण दाबूनही आवाज आला नाही तेव्हा, मी घाबरले होते. तेवढं एक तुला कळायला नको.