सुहाची आई

निदाल,

तू दोहाहून फोनवर बजावलं होतंस, "त्या अपंग मुलांच्या केंद्रातल्या बाईला घरात घेऊ नकोस, गल्लीत बोभाटा होईल. असं मूल आमच्या घराण्यात झालेलं नाही." तरी मी त्या बाईला, विजदानला, बोलावलं. आपली तालीन दीड वर्षाची झाली, अजून मान धरत नाही. तिला कसं भरवायचं, कसं धरायचं, हे आत्ता नाही शिकायचं तर कधी?

तुझ्या आई तोंड फिरवून बसल्या होत्या. दही भरवताना तालीनला ठसका लागला आणि मी गडबडले. विजदान काही सांगणार, तोच आईंनी पोरीला मांडीवर ओढलं, तिची मान जरा पुढे झुकवली आणि हनुवटीखाली बोट धरलं. तालीनने पुढचा घास नीट गिळला.

"अगदी असंच!" विजदान म्हणाली. "मावशी, कुठे शिकलात?"

"माझ्या सुहाला असंच भरवायचे."

"कोण सुहा?" मी ओरडलेच.

"निदालच्या आधीची, हिच्यासारखीच. गच्चीवरच्या खोलीत ठेवली होती. तो झाल्यावर सगळे मला उम्म निदाल, निदालची आई, म्हणायला लागले. तो रांगत होता तेव्हा ती गेली."

हे पत्र मी पाठवणार नाही. तुला बहीण होती, हे तू त्यांच्याच तोंडून ऐक.

विजदान निघाली तेव्हा दार उघडं होतं, जिन्यात शेजारणी उभ्या होत्या. तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला काय हाक मारू?"

आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उम्म सुहा."

तुझ्या तालीनची आई