उजव्या स्टिअरिंगची गाडी

नोव्हाय, मिशिगन
१४ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप मामांस,

निमिषचा साष्टांग नमस्कार (इथे घरभर कार्पेट असल्याने तो घालताना गुडघ्यांना काही होत नाही). आम्ही तिघंही सुखरूप आहोत. तुमचं बीपी कसं आहे? मामी गेल्यापासून तुम्ही जेवणाऐवजी नुसतं दूध पिता, असं शेजारचा नंदू कळवतो. त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला खोदून विचारतो.

मार्चमध्ये फोनवर तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं अर्ध्या नागपूरला गाडी शिकवली, आता तुझ्याकडे येऊन पार्सलसारखा बसून राहू काय? स्टिअरिंग उजवीकडे असेल तर सांग, येतो." तुम्ही विषय संपवायला बोललात हे हिमानीला लगेच कळलं. मी मात्र शब्द धरून बसलो. उजव्या स्टिअरिंगची गाडी इथे दुकानात मिळत नाही, आणि बाहेरून आणायची तर तिला पंचवीस वर्षं तरी झालेली हवीत असा इथला कायदा (स्थळ बघताना लोक वय लपवतात, मी पिकलेलं वय शोधत हिंडत होतो). शेवटी योकोहामाच्या तानाबे नावाच्या एक्स्पोर्टरकडे १९८० सालची टोयोटा क्राउन सापडली. पांढरी, ऐसपैस, सीटवर लेसची कव्हरं. हा गृहस्थ प्रत्येक ईमेलची सुरुवात हवापाण्याने करायचा. मग मलाही राहवेना, मीही इकडचं हवापाणी लिहायचो. तीन महिने आम्ही एकमेकांना पाऊसपाणी कळवत होतो आणि गाडी बंदरातच होती. शेवटी मी लिहिलं की गाडी माझ्या मामांसाठी आहे, ते एकटे पडलेत. चौथ्या दिवशी बोटीचे कागद आले. त्यात हवेचा उल्लेख नव्हता.

गाडी दारात आली तेव्हा माझे डोळे भरून आले. ते बघून आमची रुचा म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट अ कार."

मग माझी अक्कल उघडी पडली. गाडी आपल्यासारखी आणली, पण रस्ता इथलाच राहिला. गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला आणि मी गाडीच्या उजव्या अंगाला. पुढे ट्रक असला की समोरून काय येतंय ते मला दिसतच नाही, डावीकडे बसलेल्या हिमानीला दिसतं. म्हणजे बघायचं तिनं आणि चालवायचं मी (संसारात हे चालतं, हायवेवर नाही). ड्राइव्ह-थ्रूची कॉफीही तिनंच घ्यायची. एकदा ती मेथी निवडत बसली होती, तर पोलिसाने गाडी थांबवली. त्याला वाटलं, बाई भाजी निवडत गाडी चालवतायत. तिने जुडी बाजूला ठेवून माझ्याकडे बोट दाखवलं. घरी आल्यावर म्हणाली, "मी या गाडीत परत बसणार नाही. तू एकटाच ड्राइव्ह कर." ऑफिसातही उजळ माथ्याने नेता येत नाही, कारण आमचं सगळ्यांचं पोट डेट्रॉइटच्या गाड्यांवर. जपानी गाडी लांबच्या कोपऱ्यात लावून चोरासारखं चालत यावं लागतं.

आता ती गॅरेजमध्येच असते. संध्याकाळी मी जाऊन स्टिअरिंगवर बसतो. शेजारची सीट रिकामी असते. सतराव्या वर्षी मी क्लच धाडकन सोडला की तुम्ही तिथून माझ्या मांडीवर फूटपट्टी मारायचात. इथे बारा वर्षं झाली, चुकलं तर दंड होतो, पण पट्टी मारणारं कोणी नाही. मामा, तुमची फार आठवण येते.

हिमानीचा नमस्कार. रुचाचाही (ती नुसतं 'हाय' म्हणाली, मी भाषांतर केलं).

तुमचा,
निमिष

ता. क. : व्हिसासाठी आमंत्रणाचं पत्र सोबत जोडलं आहे. स्वेटर आणू नका, इथे ढीग पडलाय.

ता. क. २ : तुम्ही चालवावी म्हणून गाडी आणली, असं वर लिहिलंय ते विसरा. चालवीन मीच. तुम्ही फक्त डावीकडे बसा, आणि रस्ता मोकळा दिसला की "आता काढ" एवढं म्हणा. मामी तुमच्या शेजारी बसून जन्मभर हेच सांगत राहिली आणि तुम्ही एकदाही ऐकलं नाहीत. मी ऐकेन.